पेटीवर लिहिलं होतं ‘खाली’

कालिंदीबाई भडकमकरांच्या घरात कधी काही हरवत नसे. सापडत नसे, एवढंच. हा फरक त्यांच्या यजमानांना, म्हणजे मनोहरपंतांना, लग्नाला सोळा वर्षं होऊनही कळला नव्हता. “माझे पांढरे मोजे हरवले,” असं ते म्हणाले, की कालिंदीबाई शांतपणे उत्तर देत, “हरवतील कसे? घरातच आहेत.” आणि ते खरंच घरात असत. कधी डिंकाच्या लाडवांच्या रिकाम्या डब्यात, कधी दुसऱ्या मोज्यांत.

यात कालिंदीबाईंचा दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मनोहरपंतांची सरकारी कंपनी त्यांना दर तीन वर्षांनी उचलून नव्या गावी ठेवी. नागपूर, भिलाई, पुन्हा नागपूर, राउरकेला आणि आता कलकत्ता. प्रत्येक गावी सामानाचे नग वाढत गेले. बालीगंजच्या त्या तळमजल्यावर ते सत्तर-एकाहत्तर साली राहायला आले, तेव्हा ट्रंका, पेट्या, पिंपं आणि वळकट्या मिळून एकतीस नग उतरले होते. मोठीत मधली, मधलीत धाकटी आणि धाकटीत डबा अशी त्यांची मांडणी असे. डब्यात काय आहे ते ज्या दिवशी बांधाबांध झाली त्या दिवशी कालिंदीबाईंना पाठ असे, नंतर नसे. असं कुणालाही होतं. ज्यांना होत नाही त्यांची बदली झालेली नसते.

पण त्या वर्षी श्रावणात वाईहून सासूबाईंचं पत्र आलं आणि प्रकरण मोज्यांच्या पलीकडे गेलं.

“यंदा गौरींना मी तिकडे येते आहे. तुझ्या मामंजींचे गुडघे त्यांना येऊ देत नाहीत, पण माझे मला अडवत नाहीत. मुखवटे नीट आहेत ना? गेल्या वर्षी गौरी दुपारी तीनला उभ्या राहिल्याचं मनोहरने लिहिलं होतं. त्याचं कारणही लिहिलं होतं.”

कालिंदीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी ‘कारणही लिहिलं होतं’ या शब्दांवर त्या बराच वेळ थांबल्या आणि मग त्यांनी वर्तमानपत्राआडच्या आपल्या यजमानांकडे पाहिलं.

कारण साधं होतं. भडकमकरांच्या गौरींचे मुखवटे पितळेचे, पोकळ, हातात घेतले तर पाखरासारखे हलके. सासूबाईंच्या सासूबाईंनी केलेले. सासूबाईंना सोवळं झेपेनासं झालं, तेव्हा त्यांनी ते थोरल्या सुनेच्या हाती दिले आणि देताना चार बायकांसमोर म्हटलं, “देते आहे खरी. पण तू जरा वेंधळी आहेस हो.” त्या एका वाक्याने कालिंदीबाईंचा पाच मुक्काम पाठलाग केला होता. आणि गेल्या वर्षी, ऐन गौरींच्या दिवशी, ते मुखवटे अडीच तास सापडले नाहीत. शेवटी ते लोकरीच्या कपड्यांत, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत बसलेले आढळले.

“तुम्ही आईंना हे कळवलंत?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“सगळं खुशालीचं लिहिलं होतं. त्यात ओघाने आलं.”

“ठीक आहे. या वर्षी आई येतील आणि घरातली कुठलीही वस्तू मागतील. मी ती अर्ध्या मिनिटात काढून देईन. कुठलीही.”

मनोहरपंतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. लग्नानंतर असं ते दुसऱ्यांदाच करत होते.

आता मनोहरपंत कंपनीच्या एस्प्लनेडच्या कचेरीत नस्ती विभागाचे अधिकारी होते, आणि ‘वस्तू कुठे आहे’ या विषयावर त्यांना जगात कुणी काही शिकवू शकेल असं त्यांना वाटत नसे. ते म्हणाले, “अगं, तुम्हा बायकांची चूक काय होते ठाऊक आहे? तुम्ही म्हणता ‘डबा’. कुठला डबा? ‘मोठ्या ट्रंकेतला’. कुठली मोठी ट्रंक? आमच्याकडे फाईलच्या पाठीवर पूर्ण मार्ग असतो. इमारत, मजला, खोली, कपाट, खण, गठ्ठा आणि मग फाईल. बाहेरून आत. अर्धा पत्ता म्हणजे पत्ताच नव्हे.”

“मग आमच्या ट्रंकांनाही लावते पूर्ण मार्ग,” कालिंदीबाई म्हणाल्या. “तुमच्या फायली तरी कुठे सापडतात?”

मनोहरपंतांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं.

कामाला सुरुवात झाली. जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या पाठी कापून कालिंदीबाईंनी लांबच लांब पट्ट्या केल्या आणि त्यांवर टाक-शाईने, सुवाच्य बाळबोध अक्षरात मार्ग लिहिले. ‘मधली खोली / उत्तरेची भिंत / मोठी मांडणी / डावीकडे / वर’. ‘स्वयंपाकघर / जाळीचं कपाट / दुसरा खण / सातूच्या पिठाचा डबा / मागे’. वर, मध्ये, मागे, खाली असं शेवटचं स्थान अगदी शेवटी, आणि वस्तूचं नाव सुरुवातीच्या कोपऱ्यात. पण कलकत्त्याची हवा ही हवा नसून पातळ पाणी आहे. दोन दिवसांत शाई पसरली, पट्ट्या वळल्या, आणि ‘लोणच्याची बरणी’ हे शब्द जमदाड्यांच्या कपाळावरच्या आठ्यांसारखे दिसू लागले. जमदाडे म्हणजे त्यांचे नागपूरचे घरमालक. त्यांचं इथे काही काम नाही.

तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या शकुनवहिनी सल्ला द्यायला आल्या. त्यांचे यजमान बँकेत, म्हणून त्यांचा सल्ला सुरक्षिततेकडे झुकणारा.

“अहो कालिंदीवहिनी, असं सगळं बाहेर लिहून ठेवलंत, तर चोराला आपण होऊन आमंत्रण. मी तर सगळं सांकेतिक लिहिते. बांगड्यांच्या डब्यावर ‘हिंग’.”

“आणि हिंगाच्या?”

“परवाच आमटीला हिंग सापडला नाही बघा,” शकुनवहिनी म्हणाल्या.

दमट हवेवर उपाय मनोहरपंतांनी काढला. कचेरीत खिडकीची पाकिटं असत. पुढच्या बाजूला झिरझिरीत कागदाची चौकोनी खिडकी, आतल्या कागदावरचा पत्ता तिच्यातून दिसतो, वर वेगळा लिहावा लागत नाही. कंपनीने बिलांचा आकार बदलल्यामुळे अशी नऊशे पाकिटं निकामी होऊन पडली होती. पण निकामी असणं वेगळं आणि निकामी ठरणं वेगळं. भांडारप्रमुखांनी सांगितलं, की ठरल्याशिवाय ती कामाचीच आहेत आणि कामाची आहेत तोवर ती बाहेर जाऊ शकत नाहीत. मग अर्ज झाला. अर्जावर ‘प्रयोजन काय’ असा शेरा आला. मनोहरपंतांनी लिहिलं, ‘गृहांतर्गत नस्तीव्यवस्था’. त्यावर तीन सह्या झाल्या, कारण तिघांनाही अर्थ कळला नाही आणि तिघांपैकी कुणालाही तसं दाखवायचं नव्हतं. सोळा दिवसांनी मनोहरपंत बगलेत पाकिटांचा गठ्ठा घेऊन ट्राममधून उतरले, ते किल्ला जिंकून आल्यासारखे.

आता प्रत्येक पेटीला, ट्रंकेला, कपाटाला एक खिडकी मिळाली. पाकीट खळीने चिकटवायचं, पट्टी आत सारायची. अडचण एकच होती. पट्टी वीतभर आणि खिडकी चार बोटांची. पट्टी दुमडावी लागे, आणि दुमडली की मार्गाचा एकच तुकडा खिडकीत येई.

“पूर्ण मार्ग दिसायला हवा,” मनोहरपंत म्हणाले.

“आत आहे की पूर्ण. बाहेर शेवटचं तेवढं दिसलं म्हणजे झालं. आधीचं मला ठाऊकच आहे.”

आजकाल संगणकाच्या खिडकीतही म्हणे वरच्या पट्टीवर फोल्डरचं नुसतं शेवटचं नाव दिसतं, आणि पूर्ण मार्ग दिसावा असं वाटलं तर कुठेतरी आत जाऊन तशी खूण करावी लागते. बहुतेक लोक ती करत नाहीत. आधीचं आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांनाही वाटत असणार.

तर भाद्रपद लागेपर्यंत एकतीस नगांना एकतीस खिडक्या झाल्या. मधल्या खोलीतल्या मोठ्या मांडणीच्या वरच्या फळीवरच्या सगळ्या पेट्यांच्या खिडक्यांत ‘वर’ दिसे, आणि तळच्या फळीवरच्या पाच पेट्यांच्या खिडक्यांत ‘खाली’. त्या पाचांतली एक निळी, पत्र्याची, छोटं कुलूप घातलेली. आत मऊ धोतराच्या पानात गुंडाळलेले मुखवटे. कालिंदीबाई येता-जाता त्या मांडणीकडे बघत, जशी एखादी बाई स्वतः विणलेल्या स्वेटरातल्या मुलाकडे बघते.

सासूबाई बुधवारी यायच्या होत्या आणि गौरी शुक्रवारी. बुधवारी सकाळी दोघं नवरा-बायको हावड्याला गेली. घराची किल्ली मोलकरणीसाठी दरवान बिंदेसरीकडे ठेवली. गाडी चार तास उशिरा आली. त्या चार तासांत काय झालं ते कालिंदीबाईंना गुरुवारी कळलं. आपणही गुरुवारपर्यंत थांबू.

गुरुवारी सकाळी चहा झाला. सासूबाईंनी घरभर एक फेरी मारली. खिडक्या पाहिल्या आणि विषय वाईच्या पावसाचा काढला. कालिंदीबाईंना राहवेना. त्यांनी शकुनवहिनींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. अशा प्रसंगी बाहेरचं माणूस हवं.

“आई, घरातलं काहीही मागा. अर्ध्या मिनिटात.”

“काहीही?”

“काहीही.”

“मग मुखवटेच काढ,” सासूबाई म्हणाल्या.

कालिंदीबाई हसल्या. त्या अशा हसल्या, की शकुनवहिनींनीही पदर सावरला. मधली खोली. उत्तरेची भिंत. मोठी मांडणी. खाली. त्या वाकल्या.

तळच्या फळीवर चार पेट्या होत्या. पाचवीच्या जागी धुळीत पेटीच्या आकाराचा एक स्वच्छ, नीटस चौकोन होता. कलकत्त्यात इतकी स्वच्छ जागा पुन्हा कधी पाहिल्याचं कालिंदीबाईंना आठवत नाही.

अर्धं मिनिट गेलं. मग आणखी अर्धं. सासूबाई शांतपणे पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “हरवले नसतील. घरातच असतील.”

हे वाक्य कालिंदीबाईंचं होतं. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार वाईट लागतं.

तासाभरात उरलेले तीस नग उपसून झाले. मनोहरपंतांचे पांढरे मोजे मिळाले. मुखवटे नव्हते. वर राहणाऱ्या घरमालकीणबाईंना, म्हणजे माशीमांना, विचारायला गेलं तर त्या आदल्या दिवशीच भावाकडे गेलेल्या. शकुनवहिनी म्हणाल्या, “तेव्हाच म्हटलं होतं ‘हिंग’ लिहा.” आणि चोरीच आहे असं ठरवून त्यांनी सगळ्यांना पोलीस ठाण्याच्या दिशेने लोटलं. सासूबाईही निघाल्या. “गौरी माझ्या सासूच्या आहेत, मी येणार.”

ठाण्यातल्या अधिकाऱ्याला मराठी येत नव्हतं, मनोहरपंतांची हिंदी नागपूरची, आणि त्या अधिकाऱ्याची मुळीच नागपूरची नव्हती.

“क्या खोया?”

“गौरी के मुखडे. दो.”

“गौरी कौन?”

“हमारी...” मनोहरपंत अडखळले. देवीला काय म्हणावं? “माहेरवाशीण. मतलब, घर की बेटी समझिए. दो बहनें हैं. ज्येष्ठा और कनिष्ठा.”

अधिकाऱ्याने सहानुभूतीने नवा कागद घेतला. “दो लड़की. उमर?”

मनोहरपंतांनी आईकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, “ऐंशी धर. नव्वदही असतील.”

“अस्सी-नब्बे,” मनोहरपंत म्हणाले.

अधिकाऱ्याने लेखणी थांबवली. “दोनों? घर से कब गई?”

“घर से नहीं, पेटी से. उनका बाकी शरीर नहीं है, सिर्फ मुँह है.”

नक्षलवादी खूनखराब्याच्या त्या दिवसांतल्या कलकत्त्यात ठाण्यात जाऊन बोलू नये असं एखादं वाक्य असेल, तर ते हेच. आजूबाजूचे तीन शिपाई उठून उभे राहिले. पुढचा पाऊण तास भडकमकर कुटुंब, गौरीपूजनाचा विधी हातवारे करून समजावत, ठाण्याच्या बाकावर होतं. साडीला निऱ्या घालून गौर कशी उभी करतात ते शेवटी सासूबाईंनी ठाण्यातल्या पाण्याच्या माठावर आपली शाल लपेटून दाखवलं. अधिकाऱ्याने माठाला हात जोडले आणि कागद फाडून टाकला. पितळी वस्तूंसाठी वेगळा नमुना होता. तो संपला होता. सोमवारी येणार होता.

घरी परतताना कालिंदीबाई उरलेले तास मोजत होत्या. उद्या दुपारी दोनच्या आत गौरी घरात यायला हव्या होत्या. पंधरा बायकांना आमंत्रण होतं. आणि वाईला आता खुशालीचं पत्र लिहायला सासूबाई स्वतः होत्या.

फाटकाशी बिंदेसरी बसला होता. सगळ्यांचे चेहरे पाहून तो उठला.

“क्या हुआ माईजी?”

“नीली पेटी, बिंदेसरी,” कालिंदीबाई म्हणाल्या. “टीन की. चोरी हो गई.”

“वो छोटा बक्सा?” बिंदेसरीचा चेहरा उजळला. “चोरी काहे को होगा? वो तो माशीमा ले गईं, गार्डन रीच. उनको खाली बक्सा चाहिए था, भाई के घर के वास्ते. आपने ही तो बोला था एक ले जाना.”

हे खरं होतं. आठवड्यापूर्वी माशीमांनी जिन्यातून हाक मारली होती, “ओ कालिंदी, खाली बाक्शो आछे?” आणि कालिंदीबाईंनी ‘रिकामी’ एवढं बरोबर समजून म्हटलं होतं, “हो हो, एक ले जाइए.” मागच्या अंगणातली मोडकी वेताची पेटी त्यांच्या मनात होती.

“पण ती रिकामी नव्हती,” त्या मराठीतच म्हणाल्या.

“कैसे नहीं थी? लिखा था. हम पढ़ना जानते हैं माईजी. इस मकान में देवनागरी हम ही पढ़ते हैं.” तो ताठ झाला. “पाँच बक्से पर साफ लिखा था, ‘खाली’. हमने सबसे छोटा दिया. ऊपर वालों पर ‘वर’ लिखा था, वो हमने हाथ नहीं लगाया. सोचा, दूल्हे का सामान होगा.”

मनोहरपंतांनी तोंडावर रुमाल धरला. कालिंदीबाईंनी मांडणीपाशी जाऊन खिडकीतल्या एका पट्टीकडे पाहिलं. मधली खोली, उत्तरेची भिंत, मोठी मांडणी, सगळं आत दुमडून बसलं होतं. बाहेर एकटा शब्द उभा होता आणि तो मराठी आहे हे सांगायला त्याच्यासोबत कुणी नव्हतं.

“पूर्ण मार्ग दिसायला हवा, असं मी...” मनोहरपंतांनी सुरुवात केली.

“टॅक्सी बघा,” कालिंदीबाई म्हणाल्या.

गार्डन रीचला माशीमांचा भाऊ जहाजांच्या कारखान्यात कामाला होता. त्याची बायको सुचित्रा. दार तिनेच उघडलं. आतून धुपाचा वास आला. कालिंदीबाईंना पुढचं दिसलं ते असं : देवघराच्या चौरंगावर, लाल फडक्यावर, जास्वंदीच्या फुलांत त्यांच्या दोन्ही गौरी शेजारीशेजारी बसल्या होत्या. कपाळाला ताजा शेंदूर, पुढे बत्तासे. कधी नव्हे इतक्या चकचकीत. चिंचेने घासलेल्या दिसत होत्या.

माशीमा लगबगीने पुढे आल्या. कुलूपबंद रिकामी पेटी असते का, असा संशय त्यांनाही वाटेत आला होता, पण बिंदेसरीने वाचलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. भावाने पक्कड लावून कुलूप काढलं आणि आतून दोन देवी त्याच्याकडे बघत होत्या. त्या धक्क्याने तो अजून आतल्या खोलीत पडून होता.

“झालं ते झालं,” कालिंदीबाई हिंदीत म्हणाल्या. “आम्ही घेऊन जातो.”

“आज नहीं,” सुचित्रा म्हणाली. आवाज मऊ होता, पण ती चौरंगापुढे उभी राहिली. “आज बृहस्पतिवार. लक्ष्मी का दिन. आज के दिन लक्ष्मी घर से नहीं जाती.”

“अहो, पण या आमच्या...”

“आपके हैं, दीदी. मना नहीं करती. लेकिन आज नहीं.”

कालिंदीबाईंनी मनोहरपंतांकडे पाहिलं, मनोहरपंतांनी छताकडे. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी गौरींकडे पाहिलं, घासलेल्या पितळेवरून बोट फिरवलं, आणि मराठीत सुनेला म्हणाल्या, “बरोबर बोलते आहे ती. घरात आलेली लक्ष्मी तिच्या वाराला उठवायची नसते. मीही दिली नसती.”

कालिंदीबाईंना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. स्वतःची सासू, आणि गार्डन रीचच्या बाजूने.

“कोथाय जाबे ओरा?” सुचित्राने नणंदेला विचारलं. कुठे जाणार आहेत त्या?

“माहेरी,” सासूबाई म्हणाल्या. हा शब्द माशीमांना इतक्या दिवसांत कालिंदीबाईंकडूनच कळला होता. त्यांनी तो उलगडला, “बापेर बाडी.”

सुचित्राचा चेहरा पालटला. त्यांच्याकडेही महिन्याभरात दुर्गा बापाच्या घरी यायची होती. लेकीचं बापाघरी जाणं तिला वेगळं समजावून द्यायची गरज नव्हती. “तो कल सुबह मैं खुद लाऊँगी,” ती म्हणाली. “बाप के घर लड़की टीन के बक्से में नहीं जाती.”

शुक्रवारी पहाटेच कालिंदीबाई रांगोळीचा डबा घेऊन बसल्या. (स्वयंपाकघर / जाळीचं कपाट / तळाशी. ‘खाली’ हा शब्द आदल्या संध्याकाळीच घरातून हद्दपार झाला होता.) दाराच्या उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत त्या गौरींची पावलं काढत होत्या. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“उंबऱ्यापासून का? त्या उंबऱ्यावर उगवणार आहेत का? फाटकापासून काढ. आल्या वाटेचं सगळं दिसू दे.”

फाटकाशी गेल्या तर माशीमा आधीच ओणव्या होत्या. वाटीत तांदळाची पेज, बोटाला चिंधी, आणि फरशीवर लक्ष्मीची पावलं, इतकी नाजूक की त्यांच्यापुढे कालिंदीबाईंची पावलं हवालदाराची वाटली. माशीमा आदल्या दिवशी भडकमकरांच्याच टॅक्सीतून परतल्या होत्या, पण त्या पेटीने त्यांना रात्रभर झोपू दिलं नव्हतं. मग दोघी एकमेकींच्या दिशेने पावलं काढत आल्या आणि पायरीवर भेटल्या.

साडेदहाला टॅक्सी आली. सुचित्रा लालकाठी साडीत, मांडीवर दोन्ही गौरी. मागून तिचा नवरा निळी पेटी घेऊन उतरला आणि त्याने ती बिंदेसरीच्या हातात दिली. बिंदेसरीने ती हलवून पाहिली, खिडकीतला शब्द वाचला, आणि अत्यंत समाधानाने म्हणाला, “अब ठीक लिखा है.”

पंधरा बायका जमल्या होत्या. गौरींना सगळं घर हिंडून दाखवायचं, घरात काय काय आहे ते सांगायचं, असा रिवाज. एरवी बायका घाईने ‘इथे धान्य, इथे दागिने’ म्हणत पुढे सरकतात. सासूबाईंनी मात्र प्रत्येक पेटीपाशी थांबून पट्टी बाहेर ओढली आणि मोठ्याने वाचली. “मधली खोली, पूर्वेची भिंत, हिरवी ट्रंक, डावीकडे, पैठणी.” आणि झाकण उघडलं. पैठणी होती. “स्वयंपाकघर, जाळीचं कपाट, दुसरा खण, सातूचं पीठ, मागे, केशर.” केशर होतं. पाचव्या पेटीनंतर बायकांची कुजबुज थांबली. दहाव्यानंतर शकुनवहिनी मनातल्या मनात हिंगाचे डबे आठवत असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं.

गौरी उभ्या राहिल्या, साड्या नेसल्या, आणि तेव्हा ध्यानात आलं, की कनिष्ठेची नथ नाही. ती गव्हाएवढी. मुखवट्यांबरोबर ती कधीच ठेवत नसत, हरवेल म्हणून. सगळ्यांनी कालिंदीबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनीही.

कालिंदीबाईंचे हात निऱ्यांत गुंतले होते. त्यांनी मानही वळवली नाही. “शकुनवहिनी, मागची खोली, कोपऱ्यातलं पिंप, त्यात शिवणाचा डबा, त्यात बटणांची डबी, तळाशी.”

शकुनवहिनी गेल्या आणि आल्या. तळहातावर नथ होती. मनोहरपंत दाराआडून घड्याळ बघत होते. नंतर त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, सव्वीस सेकंद.

सासूबाईंनी नथ घेतली, कनिष्ठेला घातली, आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, “आमच्याकडे ही अर्धा दिवस सापडत नसे.”

आमच्याकडे म्हणजे वाईला. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हाताखाली. पंधरा बायकांनी ते ऐकलं. दारात चपला घालणाऱ्या सोळाव्या बाईनेही ऐकलं असावं, अशी कालिंदीबाईंची अजून श्रद्धा आहे.

परतीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी टाक मागवला. निळ्या पेटीची पट्टी त्यांना स्वतः लिहायची होती. त्यांचं अक्षर मोठं, आणि त्यांना कसली घाई नव्हती. त्यांनी लिहिलं : ‘भडकमकरांच्या गौरी / मूळ वाई / हल्ली कलकत्ता / बालीगंज / तळमजला / मधली खोली / मोठी मांडणी / तळाशी / कालिंदीच्या हाती’.

पट्टी हातभर झाली. कालिंदीबाईंनी सवयीने पाकीट घेतलं आणि पट्टी दुमडायला लागल्या. आपलं नाव बाहेर राहील अशीच दुमडत होत्या, हे खोटं कशाला सांगा.

“दुमडू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “पेटीला गुंडाळून चिकटव. नुसतं तुझं नाव वाचून कुणाला काय कळणार? वाईपासून दिसू दे सगळं.”

त्यानंतर भडकमकरांच्या आणखी चार बदल्या झाल्या. दर वेळी पट्टीला मध्ये एक तुकडा जोडला गेला, नवं गाव, नवी खोली, नवी भिंत, आणि पट्टी पेटीभोवती दोन वेढे घेऊ लागली. सासूबाई गेल्या. मुखवटे अजून सापडतात. शेवटचे तीन शब्द कधी बदलावे लागले नाहीत. म्हणजे, शब्द मोजले तर दोनच आहेत. पण ‘कालिंदीच्या’ आणि ‘हाती’ यांच्या मधे कालिंदीबाई जरा थांबतात, तो तिसरा.